उणे चाळीसचे पाच सेकंद

कोणीतरी टेस्टची पोलादी पट्टी थंड न करताच तोडतं आणि रिपोर्टवर खुशाल 'उणे चाळीस अंश' टाइप करतं. मी नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळलं असेल!

तळवड्यातल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये धातूचे नमुने तापवून, गोठवून, ओढून, तोडून ते किती सोसतात हे मोजतात. तुटलेले तुकडे ड्रममध्ये पडतात. ड्रम महिन्याला भंगारात जातो. किस्से मात्र साचतच राहतात.

*

माझ्या पहिल्या आठवड्यातला. बोटाएवढी पोलादी पट्टी उणे चाळीस अंशांच्या बाथमधून, म्हणजे गार द्रवाच्या टाकीतून, चिमट्याने उचलायची, मशीनवर ठेवायची आणि पाच सेकंदांच्या आत तिच्यावर मशीनचा झुलता हातोडा सोडायचा. उशीर झाला की पट्टी गरम होते आणि थंडीत सोसला नसता एवढा मार सोसून जाते. म्हणजे नापास माल पास!

मी साडेतीन सेकंदांत काम फत्ते केलं आणि शाबासकीसाठी लॅबचे हेड सावंत सर यांच्याकडे बघितलं. सर मालवणचे. ओरडत नाहीत, नुसतं विचारतात.

"चिमटो खंय होतो गो?"

"टेबलावर, सर."

"म्हणजे गोठवलेली पट्टी चिमट्याने शेकून आणलीस!"

तेव्हापासून चिमटाही पट्टीसोबत बाथमध्ये बुडवते.

*

हात बसावा म्हणून रहाटणीच्या फ्लॅटवर पापडांवर प्रॅक्टिस केली. तव्यावरून ताटात, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. चार सेकंद! तीन पूर्णांक आठ!

लातूरची रूममेट स्वाती भुकेली बसलेली. म्हणाली, "पापड काय पळून जायलाय का गं?"

*

शेजारच्या शेडमध्ये इरफानभाई लेथवर आमचे नमुने मापात कापून देतात. एकदा मी नमुना परत केला, त्यावर केसाएवढा ओरखडा होता.

"मॅडम, ह्याचं लग्न लावायचंय की तोडायचाय?"

"तोडायचाय. पण ओरखड्यापाशी तुटला तर दोष मालाचा नाही, तुमचा!"

इरफानभाईंनी तो हातातून ओढूनच घेतला. दुसऱ्या दिवशी आणला तेव्हा त्यात स्वतःच्या मिशा बघत होते. "घ्या. आता जो काही दोष निघेल, तो मालाचा!"

*

चाकणहून एक साहेब बोल्टचा मिश्रधातू सहाशे अंशांना ओढून बघायला आले होते. घाई एवढी की खुर्चीत बसेनात.

"भट्टी सहाशे दाखवतेय ना? मग ओढा की!"

मी सांगितलं, भट्टी सहाशेला आहे, आतला नमुना अजून नाही. आतपर्यंत तापायला अर्धा तास ठेवावाच लागेल. साहेब सावंत सरांना फोन लावायला निघाले.

दारात उभे असलेले इरफानभाई म्हणाले, "तवा तापला म्हणजे भाकरी भाजली, असं होतं का साहेब?"

साहेब बसले. चहासुद्धा प्यायले!

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

चाकणच्याच एका फोर्जिंगवाल्या, म्हणजे तापलं पोलाद ठोकून भाग घडवणाऱ्या, शेठचा लॉट होता. लेहच्या बर्फाळ रस्त्यावर अडकलेले ट्रक ओढायला लागणारे हुक. माल टेम्पोत भरून टेम्पो आमच्या गेटवर उभा, फक्त माझी सही बाकी. शेठ आणि टेम्पोचा ड्रायव्हर, मावळातले ज्ञानोबाकाका, दोघे मशीनपाशी उभे राहून बघत होते.

हुकांच्याच पोलादाच्या तीन पट्ट्या तोडायच्या होत्या. पहिली पट्टी पास. दुसरी पास. तिसरी काचेसारखी तडकली!

"तिसरी सोडा, मॅडम," शेठ म्हणाले. "दोन पास म्हणजे पास."

हात माझाच चुकला असेल तर? विनाकारण एखाद्याचा लॉट अडवायचा? सावंत सरांना विचारलं, त्यांनी निर्णय माझ्यावरच सोडला. मी मशीनवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.

तिसऱ्या पट्टीवर हातोडा चार सेकंदांत पडलेला. अगदी बरोबर! पहिल्या दोनांवर मात्र आठ आणि नऊ सेकंदांनी. कारण मी पट्टी चिमट्यात धरून, हातवारे करत, शेठना 'थंडीत पोलाद ठिसूळ का होतं' यावर लेक्चर देत होते! चूक माझीच होती, आणि माझ्या चुकीनेच नापास माल पास होत होता.

मी सगळ्यांदेखत कबूल केलं. "पहिल्या दोन्ही टेस्ट रद्द. नवीन पट्ट्या घेते."

तीन नवीन पट्ट्या, चार-चार सेकंद, तोंड घट्ट मिटून. कड्. कड्. कड्! तिन्ही नापास. मी रिपोर्टवर तसंच लिहिलं आणि सही केली.

शेठ लालबुंद झाले. "उणे चाळीस, उणे चाळीस! अहो, आपल्या चाकणला पडलीय का कधी एवढी थंडी?"

ज्ञानोबाकाकांनी पट्टीचे दोन तुकडे उचलून शेठच्या हातावर ठेवले.

"मंग ते ट्रक बी चाकणलाच अडकाया सांगा की, शेठ!"