घाटातली वीस मिनिटं

गाडीचं बॉनेट उघडलं की मिस्त्री लगेच इंजिनाला हात लावायचा नाही. तळहात वीतभर वर धरायचा, तोंड बाजूला वळवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. नवख्याला वाटे, हा गाडीला आशीर्वाद देतोय. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "आशीर्वाद कायचा, मॅडम, भेव वाटते. गरम लोखंड सांगून चावत नाही."

इतका भित्रा मिस्त्री तुम्ही पाहिला नसेल. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या कडेला त्याचं टिनाचं गॅरेज होतं. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली तीन-तीन लाकडी ठोकळे लावल्याशिवाय तो आत शिरत नसे, आणि शिरताना डोक्यावर हेल्मेट. शेजारचे वेल्डर त्याला हसत. पण यवतमाळातले आम्ही नोकरदार, ज्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, हटकून त्याच्याकडेच जायचो. भित्र्या माणसानं सोडलेली गाडी निर्धास्त चालवता येते. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. हे त्याला कळलं आणि माझ्यामागे भुंगा लागला.

"मॅडम, गरम धूर नऊ फुटाच्या पायपात किती थंडा होते?"

"कशाला हवंय तुला?"

तेव्हा त्यानं भावाचं सांगितलं. त्याचा तांडा घाटाखाली, पांढरकवड्याच्या रस्त्याला. धाकटा भाऊ दुसऱ्यांच्या कापसावर फवारणी करायचा. ती बोंडअळीची वर्षं होती. कापूस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे फवारलेलं औषध माणसाच्या तोंडावरच पडायचं. एका रविवारी भाऊ शेतातच कोसळला. मिस्त्रीनं त्याला आपल्या जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये मागच्या फळीवर झोपवलं आणि यवतमाळच्या दवाखान्याकडे निघाला. घाटात व्हॅन दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. आरशात भावाचे फक्त पाय दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

भाऊ वाचला. एक डोळा तेवढा अधू झाला. डॉक्टर म्हणाले, "आणखी वीस मिनिटं लागली असती, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मिस्त्री ते रोज पुरं करत होता.

"आता तरी फवारणी सोडली ना त्यानं?" मी विचारलं.

"सोडून काय करन? हंगामात दुसरं काम कुठं हाय? पुढच्या साली बी जाईन थो."

म्हणून व्हॅनला टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं; हवा जास्त, तर ताकद जास्त. भंगारातून त्यानं एक टर्बो आणला होता. पण व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, तिथे मूठभर जागा नाही. तेव्हा टर्बो बसवायचा तो मागे, सायलेन्सरच्या जागी. त्यानं गॅरेजच्या फरशीवर खडूनं अख्खी व्हॅन खऱ्या मापात काढली होती. मला समजावं म्हणून तो त्या चित्रात उताणा झोपला. "हा पेशंट," म्हणाला, आणि कमरेखालची फरशी ठोकली. "अन् हे लाल झालेलं लोखंड."

मग दर आठवड्याला नवी भीती घेऊन तो माझ्या दारात. "या हप्त्याचं भेव सांगतो, मॅडम." एकदा उष्णतेचं: फळीखाली दुहेरी पत्रा आणि मधे फट ठेवायची ठरली. एकदा तेलाचं: टर्बोला गेलेलं तेल एवढ्या लांबून परत आणायला छोटा पंप लागणार, तो बंद पडला तर आग. त्यासाठी डॅशबोर्डवर लाल दिवा. एकदा खड्ड्यातलं पाणी तापल्या लोखंडावर उडण्याचं. मी उत्तरपत्रिकांच्या मागे गणितं मांडायचे. मधेच त्याच्या याडीचा फोन यायचा, म्हणजे आईचा, आणि तो बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हळू आवाजात तिची समजूत घालायचा. हळूहळू ती भीती मलाही लागली, घरात एकाची सर्दी दुसऱ्याला लागावी तशी. वर्गात शिकवताना मधेच मला तो पंप आठवे आणि खडू थांबे.

पोळ्याच्या आधी टर्बो बसला. पण कुणालाही त्या फळीवर झोपवायला मिस्त्री तयार नव्हता.

"आंधी मी झोपतो. तुमी चालवा. गणित तुमचं हाय."

एका सकाळी तांड्यावरून आम्ही निघालो. मागे फळीवर तो, हातात पाना. थोड्या थोड्या वेळानं तो पाना एकदा वाजवणार, म्हणजे ठीक. दोनदा वाजवला तर थांबायचं. टक्. पहिलं वळण. टक्. मागे शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि व्हॅन चक्क तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढू लागली. लाल दिवा लागला नाही. कितीतरी महिन्यांनी मी मोकळा श्वास घेतला. खिडकीतून वारा येत होता. मी गुणगुणायलाही लागले होते, आता सांगायला लाज वाटते.

वरच्या वळणाशी लक्षात आलं की पाना बराच वेळ वाजलेला नाही. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही.

गाडी थांबवून मागचं दार उघडलं. मिस्त्री शांत झोपला होता, पाना छातीवर. मला हसूच आलं. जगाला भिणारा माणूस तापल्या टर्बोवर डाराडूर! मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. त्याचे ओठ नको तितके लाल होते.

पाय धरून मी त्याला बाहेर ओढलं. गवतावर त्याला उलटी झाली, मग डोळे उघडले. "झोप लागली जराशी, मॅडम," तो म्हणाला. "गाडी मस्त चढते."

टर्बोनं धुराला अडवलं होतं. आतला दाब वाढून फळीखालचा एक जोड उघडला आणि धूर फटीफटीतून वर आला. त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास; त्यानं ओठ लाल होतात आणि माणूस झोप लागावी तसा बेशुद्ध पडतो. आग, तेल, पाणी, सगळ्याची भीती आम्ही धरली, याची राहिली. मिस्त्री आठवीपर्यंतच शिकलेला. मला हे माहीत असायला हवं होतं. अंगात विष भिनलेल्या माणसाला आम्ही वाटेत आणखी विष पाजत नेणार होतो. त्या गवतावर बसल्या बसल्या मला जी भीती वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं टर्बो काढायला घेतला. जोड पक्का वेल्ड करून घेऊ, मी म्हटलं.

"आज करू, उद्या उघडन," तो नट सोडवत म्हणाला. "मी वाजवाचं ठरवून गेलतो, तरी वाजवता नाही आलं. खरा पेशंट कायचा पाना वाजवते, मॅडम?"

पुढच्या पावसाळ्यात मी गाडी घेऊन गेले तर गॅरेजला कुलूप. शेजारचा वेल्डर म्हणाला, "फवारणी चालू झाली का मिस्त्री इथं राहत नाही. दिवाळीनंतर या."

त्याच दिवसांत केळापूरला देवीच्या दर्शनाला बसनं निघाले होते. घाट उतरल्यावर एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती व्हॅन दिसली. तोंड यवतमाळकडे, मागचं दार उघडं, फळीवर गोधडी अंथरलेली. मिस्त्री शेजारी उभा होता. समोरच्या कापसात चार माणसं पाठीवर पंप घेऊन फवारत होती, तोंडाला फडकी बांधून. त्यांतला भाऊ कोणता, मला ओळखू आलं नाही.

कुणाला तरी उतरवायला बस थांबली. मी खिडकीतून हाक मारली. मिस्त्रीनं वळून पाहिलं नाही. त्याचे ओठ हलत होते, आणि नजर एका डोक्यावरून दुसऱ्यावर सरकत होती. तो माणसं मोजत होता. चौथा माणूस एकदम कापसात दिसेनासा झाला. मिस्त्रीनं व्हॅनचं दार गच्च धरलं. तो माणूस पंपाचा पट्टा ओढत पुन्हा उभा राहिला, आणि मिस्त्रीनं पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.