लांडग्याची आई

माझा मुलगा लांडगा आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तेही सौदीत, दम्माममध्ये, शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर.

मला रत्नागिरीहून येऊन तीनच आठवडे झाले होते. सून दवाखान्यात ड्यूटीवर होती आणि माझा मुलगा इक्बाल बैठकीत येरझाऱ्या घालत होता. त्याच्या कंपनीत परदेशी माणसांच्या जागी सौदी पोरं घेत होते. त्याच्या खात्यातले चौघे सामान बांधून गेलेसुद्धा. इक्बालचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलेला. तो पुढे करायचा की बायकापोरांसकट याला गावी धाडायचं, हे त्याचा साहेब फहद सांगणार होता, आणि तो आज घरी चहाला येणार होता. (फहदला काम शिकवलं इक्बालने. आता तोच साहेब!)

"अम्मा, तो आला की तू आत बस. आणि काही बोलू नकोस."

"मी कधी बोलते?"

इक्बालने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

मी आत गेले. तिथे माझी सात वर्षांची नात सना टीव्हीपुढे फतकल मारून बसली होती.

"दादी, आज हॅलोविन है. वुल्फवाली मूव्ही देखेंगे."

"हॅलोविन काय असतं?"

"भूत लोगों की ईद."

या अल्लाह! भुतांची ईद! मग रोजे कुणी ठेवले?

पोरांचं कार्टून म्हणून मी बसले. चष्मा लावणारा एक गरीब बाप होता, पोरीला शाळेत सोडणारा. पौर्णिमा आली आणि त्याच्या कानांतून केस, बोटांतून नखं, मागून शेपूट! माझ्या हातातले शेंगदाणे सांडले. आणि सना खिदळतेय!

"अगं, याची बायको माहेरी का जात नाही?"

"ही इज अ नाइस वुल्फ, दादी!"

नाइस म्हणे! बायको त्याची शेपूट विंचरत होती. भूतबाधा टळावी म्हणून मी आयतल कुर्सी म्हणायला घेतली.

तेवढ्यात बेल वाजली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. फहद! दाट काळी दाढी, मनगटापर्यंत केस. (माझी नजर आधीच बिघडलेली.) हुफूफच्या खजुरांचा डबा त्याने टेबलावर ठेवला, इक्बालच्या पाठीत थाप मारली आणि ओरडला, "या धीब!" थोड्या वेळाने पुन्हा, "धीब!"

"सना, हा जीभ जीभ काय करतोय?"

"जीभ नहीं दादी, धीब. अरबी टीचर ने सिखाया. धीब मतलब वुल्फ."

"म्हणजे?"

तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. तिथे शेपटीला रिबीन बांधणं चाललं होतं.

माझं डोकंच फिरलं. ज्याने काम शिकवलं त्यालाच लांडगा म्हणतो! म्हणजे इकामा गेलाच. मग निदान चार शब्द ऐकवून तरी जाऊ. डोक्यावर ओढणी घेतली आणि रिमोट हातात तसाच धरून मी बैठकीत गेले.

"माझ्या मुलाला लांडगा म्हणतोस? तू लांडगा!"

इक्बाल कप ठेवून ताडकन उठला. "अम्मा!"

फहद गोंधळून बघू लागला. माझ्या पाठोपाठ सना आली होती. (अरबीत पहिली येते.) तिने उत्साहाने अरबीत सांगितलं, "अन्त धीब!"

फहद उभा राहिला. छातीवर हात ठेवून त्याने मान लववली.

इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता! मी रिमोट त्याच्यावर रोखला. "तुझा बाप लांडगा!"

सनाने तेही पोचवलं. फहदचे डोळे भरून आले.

"आजा, पणजा, तुझं सगळं खानदान लांडग्यांचं!"

यावर तो पुढे आला आणि त्याने वाकून माझ्या कपाळाचा मुका घेतला. माझ्या हातातून रिमोट पडला. आतल्या खोलीत कार्टूनमधल्या बापाने त्याच वेळी लांब हेल काढला, "ऊऊऊ!"

फहद इक्बालशी भराभर अरबीत बोलला. त्यातले मला दोनच शब्द कळले. "इकामा" आणि "खलास".

खलास! तीन माणसांचा संसार माझ्या तोंडाने बुडाला.

फहद गेल्यावर इक्बाल घाम पुसत म्हणाला, "अम्मा, खलास म्हणजे झालं. काम झालं! इकामा पुढे करतोय तो. आणि इथे धीब म्हणजे शूर, भरवशाचा गडी. तू त्याच्या वारलेल्या बापाचीसुद्धा तारीफ केलीस."

फहद आता फोनवर आधी माझी चौकशी करतो, उम्म धीब कशी आहे म्हणून. उम्म धीब, लांडग्याची आई!

मी चौथी शिकलेली बाई. जन्मात कुणाची खुशामत केली नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. एकदाच केली, आणि तीही शिव्या समजून!