नाव घेऊन

ज्या दिवशी मी गाव सोडलं, त्या दिवशी मला वेशीपर्यंत पोचवायला कुणीही आलं नाही. आमच्याकडं कुणाची पोर नुसती आजोळी निघाली तरी दहा बायका दारात येतात. कुणी भुईमुगाच्या शेंगा ओटीत टाकतं, कुणी उगीच डोळे पुसतं. मी तर पुण्याला निघाले होते, मॅट्रिकच्या मार्कांवर मिळालेल्या टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीवर. पण दारं लावलेली होती, वरच्या आळीची आणि आमच्या वस्तीचीसुद्धा. बाबांनी सायकलच्या कॅरिअरला माझी पत्र्याची पेटी बांधली, आईनं दशम्यांचं गाठोडं हँडलला अडकवलं आणि आम्ही तिघं बेंबळीच्या स्टँडकडं चालायला लागलो. वाटेत जो दिसेल त्याला बाबा म्हणायचे, "सलाम." आम्हा ख्रिस्ती लोकांचा तोच रामराम. एकानंही उलट सलाम केला नाही. मला इतका राग आला होता की स्टँड येईपर्यंत मी बाबांशी एक शब्द बोलले नाही. गावावर राग होताच, पण त्याहून जास्त बाबांवर होता.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आण्णांच्या मुलांसाठी तर मुद्दाम, कारण ही हकिगत तुम्ही एकाच बाजूनं ऐकली आहे.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारची उपासना आमच्याच घरात व्हायची. आण्णा त्यांचे थोरले चुलतभाऊ. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, आण्णांचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालं, पण दोन घरांमधली भिंत एकच राहिली. अलीकडं क्रूस, पलीकडं निळा झेंडा, आणि मधल्या कोनाड्यातून मीठमिरचीची देवघेव. नाताळच्या करंज्या त्या कोनाड्यातून पलीकडं जायच्या, चौदा एप्रिलची खीर अलीकडं यायची.

आणि दिनकर. तो वरच्या आळीतला, बाबांचा विद्यार्थी. बहात्तरच्या दुष्काळात शाळेच्या अंगणात सुकडी वाटायचे तेव्हा तो आमच्याच पंगतीत बसायचा, आणि पोट भरलं नाही तर सरळ आमच्या चुलीपाशी यायचा. भुकेला आळी नव्हती. पुढं गावात दूध सोसायटी निघाली, दिनकर तिचा सेक्रेटरी झाला. आण्णांच्या म्हशीचं दूध आणि पाटलाच्या म्हशीचं दूध एकाच कॅनमधून धाराशिवला जायचं. आम्हाला वाटलं, झालं, गाव सुधारलं. कसलं सुधारतंय!

मग अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. एका नावासाठी! ज्यांनी आयुष्यात विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती, ते हातात पलिते घेऊन वस्तीत आले. भर दुपारी आले. आण्णा रानात होते. बाबा आमच्या दारात उभे होते आणि मी त्यांच्या मागं. दिनकर पुढं होता, तोंडसुद्धा न झाकता. बाकीच्यांना त्यानं हात केला, "मास्तरचं घर सोडा रं. ते ह्यांच्यातले न्हाईत." आणि आण्णांच्या छपराला स्वतःच्या हातानं आग लावली. बाबा ओरडले, "दिनकर!" वर्गात ओरडायचे तसंच. त्यानं एकदा वळून पाहिलं आणि चालता झाला.

आमचं घर सोडलं, ह्याचा मला जो संताप आहे तो अजून निवलेला नाही. जाळलं असतं तर निदान आण्णांच्या डोळ्यांत बघता आलं असतं. त्या दिवशी आण्णांचं सगळं बिऱ्हाड आमच्याकडं आलं. भिंत काळी पडली होती, कोनाडा मात्र तसाच होता.

चौकशी लगेच झाली नाही. मधे रविवार आला. उपासनेत बाबांची एक रीत होती, प्रार्थना नाव घेऊन करायची. "सगळ्यांचं भलं कर" असं त्यांना चालायचं नाही. "सगळ्यांचं म्हंजी कुनाचंच न्हाय," असं ते म्हणायचे. त्या रविवारी घर भरलेलं, आण्णा खांबाला टेकून बसलेले, आणि बाबांनी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, दिनकरवर आमी प्रीती करतो. त्याला सोडू नगंस."

प्रीती! आमच्या लोकांत प्रेमाला प्रीती म्हणतात. गावातली पोरं त्यावरून आम्हाला चिडवायची, सिनेमातली गाणी म्हणायची. एरवी मी हसण्यावारी न्यायचे. त्या दिवशी तो शब्द ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. आण्णा उठले. जन्मभर ते बाबांना शामू म्हणत आलेले. त्या दिवशी म्हणाले, "मास्तर, तुमची प्रीती तुमच्यापाशी ठिवा. माझं घर जळलंय. मला न्याव पायजे." आणि पोराबाळांना घेऊन जळक्या भिंतींच्या आत जाऊन बसले. वर आभाळ होतं. माझी आई दोन दिवस कोनाड्यातून भाकरी सरकवत होती आणि भाकरी तशाच परत येत होत्या.

दुसऱ्या दिवशी फौजदार चावडीत आले. वस्तीतल्या सगळ्यांनी सांगितलं, गर्दी होती साहेब, कोण होतं कळलं नाही. त्यांना काय म्हणणार? ज्याचं नाव घ्यायचं, त्याच्याच रानात उद्या खुरपायला जायचं होतं. आण्णा तर तिथं नव्हतेच. मग बाबा उठले आणि म्हणाले, "दिनकरनं लावली आग. म्या बघितलं." फौजदार हसले. "मास्तर, कालच म्हणे तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली. मग आज त्याचं नाव कसं घेता?"

"देवापुढं घेतलं तेच तुमच्यापुढं घेतो, साहेब. प्रीती करायची म्हंजी खोटं बोलायचं न्हाय."

घरी आल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "आवं, असं नाव घ्यायचं असतंय का? आमी बायका नवऱ्याचं घिताना धा येळा लाजतो, आन तुमी खुशाल फौजदारापुढं!" तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग काय, वरच्या आळीनं आमचं पाणी तोडलं. साक्ष दिली म्हणून. सोसायटीत आमचं दूध नासकं ठरलं. सकाळी काढलेलं, अजून कोमट दूध! वस्तीनं आमच्याशी बोलणं टाकलं, कारण साक्ष दिल्यावरही बाबांनी रविवारची ती प्रार्थना थांबवली नाही. दिनकर सुटला. एकट्याची साक्ष पुरली नाही. सुटल्यावर गुलाल उधळत त्याची मिरवणूक आमच्या दारावरून गेली आणि त्या रविवारी बाबांनी पुन्हा, "प्रभू, दिनकरवर…" मी उठून बाहेर गेले. ह्या माणसाला दोन्हीकडून मार खायची हौस आहे, असं मला वाटलं. नोकरीचा कागद आला तेव्हा मी एका दमात पेटी भरली.

पुण्यात मला माणसांपेक्षा आधी आवाज भेटले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, नाईट ड्यूटी, कँटीनचा पांचट चहा. माणूस ठरवून ट्रंक कॉल लावला की त्याला पीपी कॉल म्हणायचे, आणि आम्ही विचारायचो, "नाव सांगा. कुणाशी बोलायचंय?" दिवसभर नावंच नावं. मी रविवारी चर्चला जायचे, पियानोवर गायचे, पण प्रार्थनेत कुणाचं नाव घेतलं नाही. बाबांची कार्डं यायची. खुशाली, पाऊस नाही, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, दिनकरसाठी प्रार्थना करीत जा. मी उत्तरात पावसाचं तेवढं विचारायचे.

बाबा गेले तेव्हा दिनकर सोसायटीचा चेअरमन होता. मातीला आला नाही. आण्णा आले. इतक्या वर्षांनी प्रथमच आमच्या दारात. मूठभर माती टाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, सारं गाव त्याला साहेब म्हनतंय. मीबी म्हनतो, पोटासाठी. एकटा शामू त्याला दिनकर म्हनायचा. आता त्याचं नाव कोन घ्यायचं?"

परतीच्या एसटीत बार्शी येईपर्यंत मी रडले. आण्णांना त्या माणसावर प्रीती करायची नव्हती, आणि का करावी? पण त्यांना एवढं कळलं होतं की बाबा गेले आणि त्यांच्याबरोबर ती आगही गावातून पुसली गेली.

आता मी रिटायर झालेय. पिंपरीत टू बीएचके, लिफ्ट, पाणी चोवीस तास. आणि हातात मोबाइल. आमच्या चर्चच्या ग्रुपवर सकाळी वचन येतं आणि दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीला लागलेल्या आगीचा व्हिडिओ येतो, खाली हसरे चेहरे. ह्यांना धडा शिकवलाच पाहिजे, असं लिहिणारे आमचेच, रविवारी पहिल्या बाकावर बसणारे. आपली घरं तेवढी सोडली म्हणून खूष! मला त्या हसऱ्या चेहऱ्यांत दिनकरचा हात दिसतो. आणि पाळकसाहेब प्रार्थना करतात, "सर्वांना शांती दे." सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही.

गेल्या रविवारी खुल्या प्रार्थनेत मी उभी राहिले. दात आवळलेले होते, आवाज चढलेला होता. म्हटलं, "प्रभू, दिनकरनं माझ्या चुलत्याचं घर जाळलं. मी पाहिलंय. त्याच्यावर प्रीती करायला मला शिकव, मला येत नाही." आणि बसले. राग गेला नव्हता, बाबा. अजूनही गेलेला नाही.

उपासनेनंतर पार्किंगमध्ये बाया गोळा झाल्या. "सिस्टर, दिनकर कोण? तुमचे कोण लागतात?"

मी म्हटलं, "आमच्या गावचा आहे."