सोनगीर ते धुळे, पायी

चैत्रात आमच्या भागातून सप्तशृंगीच्या गडावर पायी जायची रीत जुनी आहे. आजोबा गेले, वडील गेले. त्यांच्या वेळी वाट शेतांतून जायची. आता बरीचशी हायवेच्या कडेनेच.

त्या वर्षी थोरला भाऊ निघाला तेव्हा त्याची लहान मुलगी धुळ्याच्या दवाखान्यात होती. ताप मेंदूत गेला होता. वहिनी तिच्यापाशी होती आणि तिनंच भावाला पाठवलं. "आठे दवाखानामा दोन्ही बशीसन काय करसूत? तुम्ही देवीले चाला," म्हणाली. तो एकटा पडू नये म्हणून मीही निघालो.

सोनगीर सोडलं तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेवरचं धुळं अजून वीसेक किलोमीटर होतं. डांबर चपलांना चिकटत होतं. पुढे झेंडेवाले, मागे डीजेचा टेम्पो. फोन माझ्या खिशात वाजला. वहिनीचा भाऊ होता. दोन वाक्यं बोलला आणि रडायलाच लागला.

मी भावाला रस्त्याकडेच्या निंबाखाली घेतलं. "भाऊ, पोरगी गयी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाटलीतलं घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा चालायला लागला.

मी एक रिक्षा थांबवली. "बस ना भाऊ. वहिनी वाट देखी ऱ्हायनी."

"नही. पाय थांबी गयात तर ते खरंच व्हई जाई."

दंडाला धरलं तर त्यानं हात झटकला. शेवटी रिक्षा पाठवून दिली. आजूबाजूच्यांना काहीच माहीत नव्हतं. ते देवीचा जयजयकार करत होते, आणि भाऊही त्यांच्याबरोबर ओरडत होता. वाटेत कुणी ताक दिलं, तेही प्यायला. मला त्याचा संताप येत होता आणि त्याला सोडून पुढे जाववतही नव्हतं.

धुळ्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर पोरीला चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. वहिनी शेजारी जमिनीवर बसली होती. तिनं आमच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"गाड्या बंद व्हत्यात का?"

भाऊ तिथंच फरशीवर बसला आणि तेव्हा कुठे रडला.

नंतर त्यांना मुलगा झाला. वहिनी संसार करते, वेळेवर ताट वाढते. भाऊ मात्र दरवर्षी गडावर जातोच. त्यानं पिशवी भरायला घेतली की ती मुलाला उचलते आणि माहेरी निघून जाते. मी त्या वर्षानंतर पायी निघालो नाही.