शिंदेकाकांचं पाणी बंद केलं

"मॅडम, मामा मला वळखंनात!" सुनीता वॉर्डच्या दारातूनच ओरडली. मामा म्हणजे तिचे सासरे, शिंदेकाका.

मी कोपरखैरण्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात फिजिशियन आहे. काका मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटमधले निवृत्त माथाडी, न्यूमोनियासाठी ॲडमिट. ताप उतरला होता. घरी सोडायचा विचार चालू होता आणि माणूस सुनेला ओळखेना.

युरिन बॅग पाहिली. लघवी थोडीशी आणि गडद पिवळी.

"कालपास्नं आशीच हाय," सुनीता म्हणाली. "म्हणून तर सारखं पाणी पाजतोय. शहाळी बी."

भेटायला येणारा प्रत्येक गाववाला शहाळं आणत होता आणि सुनीता एकही वाया जाऊ देत नव्हती.

रिपोर्ट आला. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, फारच खाली. अंगात पाणी जास्त झालं की किडनीने पातळ लघवी करून ते बाहेर टाकायचं असतं. काकांची किडनी उलट पाणी धरून बसली होती. न्यूमोनियात कधीकधी 'पाणी सोडू नको' असं सांगणारं हार्मोन उगाचच सुटत राहतं. लघवी घट्ट होते, पाजलेलं पाणी अंगात साठतं आणि मेंदूला सूज येते.

"पाणी बंद. शहाळंसुद्धा."

"आवं, आजारी माणसाचं पाणी तोडायचं? लोक काय म्हनतील?"

"लोकांना माझ्याकडे पाठवा."

तेवढ्यात काकांना फिट आली. डोळे फिरले, दातखीळ बसली. आम्ही जास्त मिठाचं सलाईन सुरू केलं. ते कमी पडलं तर पुन्हा फिट, आणि मीठ भरभर वाढलं तर मेंदूला कायमची इजा. मी घाबरले होते, सरळ सांगते. प्रत्येक रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी काकांनी डोळे उघडले. "सुनीता, ह्या बाईला सांग, घोटभर पाणी दी म्हनावं."

त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकून सुनीता हुंदके द्यायला लागली. मग पेला हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"एकच घोट," मी म्हणाले.

उरलेलं पाणी तीच गटागट प्यायली.

लघवी गडद दिसली की पाणी वाढवायचं, हे एरवी ठीक. पण आमच्या वॉर्डात आता आधी रक्त तपासतात, मग शहाळं फोडू देतात. नातेवाईक मला खाष्ट म्हणतात. म्हणोत.