छायाचा उलटतपास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला ती होती तोवर नाही, वकिलीतल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसले आणि दोनदा उठून गेले — एकदा चहा ठेवायला, एकदा उगाचच. आता बसले आहे. सुरुवात कुठून करू?

मी बारामतीत वकिली करते. अपघाताचे दावे आणि डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचे दावे, हेच माझं काम. कधी पेशंटकडून लढते, कधी डॉक्टरकडून. उलटतपास चांगला घेते असं लोक म्हणतात. नव्या वकिलांना मी तो शिकवतेही. प्रश्न छोटा ठेवा, उत्तर माहीत असल्याशिवाय विचारू नका, साक्षीदाराला 'हो' म्हणायची सवय लागू द्या. उदाहरण म्हणून एक जुनी केस सांगते, नावं बदलून. पोरं वहीत लिहून घेतात. त्यातल्या बाईचं खरं नाव मी कधी उच्चारलं नाही.

तिचं नाव छाया. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची. नवरा दूध संकलन केंद्रावर कामाला. पहिलं मूल, मुलगा, अडीच महिन्यांचा. त्याला जुलाब लागले म्हणून सकाळी इंदापूरला एका खासगी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं आणि दुपारी तो गेला. तिने डॉक्टरविरुद्ध पुण्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. मी डॉक्टरची वकील होते.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता — हे मी त्याच्या बचावासाठी सांगत नाही, तसा तो नव्हताच. पहिल्याच भेटीत त्याने मला सगळं सांगितलं. त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला तो बारामतीला आला होता. फोन गाडीत राहिला. परत पोचला तेव्हा अडीच वाजले होते, आणि तोवर सगळं संपत आलं होतं. सोबत त्याने सिस्टरांच्या ड्युटीचं रजिस्टर आणलं होतं. निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहिलेलं. बारा पन्नासला सरांना फोन केला. सव्वाला परत फोन केला. एक चाळीसला परत. बाळाच्या डोळ्यांवर सूज, श्वास जोरात, सलाईन जास्त गेल्यासारखं वाटतं, काय करू.

काय करू — असंच लिहिलं होतं त्या मुलीने, सरकारी भाषेत नाही.

आणि केसपेपरवर मात्र नोंद होती : एक वाजता डॉक्टरांनी तपासले, सलाईन कमी केले. ही नोंद कधी लिहिली, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर तो कागद मला दाखल करता आला नसता. म्हणून विचारलं नाही. रजिस्टरबद्दल म्हणाले, "समोरच्यांनी मागितलं तर द्यावं लागेल. न मागता आपण कशाला द्यायचं?" समोरचा वकील नवखा होता. त्याने मागितलं नाही.

पुण्यातल्या एका ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना मी फोनवर सगळं सांगून मत विचारलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पहिल्या फोनला डॉक्टर आला असता, सलाईन बंद केलं असतं, तर मूल बहुतेक वाचलं असतं. लेखी देऊ का, असंही विचारलं त्यांनी. मी नको म्हटलं.

इथपर्यंतचं, तुम्हाला सांगते, पुष्कळ वकिलांच्या हातून होतं. यासाठी मी लिहायला बसले नसते.

मंचापुढे साक्षी शपथपत्रावर चालतात. उलटतपासाची परवानगी सहसा मिळत नाही. मी अर्ज करून ती मागून घेतली. का? कारण तक्रारीत एक ओळ होती — बाळाला आदल्या सकाळी गुटी दिली होती. एवढंच. तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

छाया पुण्याला आली होती पहाटेची एसटी धरून, सासऱ्यांबरोबर. अंगावर कडक इस्त्रीची साडी, ठेवणीतली असावी. मी फार मऊ आवाजात बोलले. बाई आहे म्हणूनच डॉक्टरने मला घेतलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"गुटी कोणी उगाळली, ताई?"

"मीच."

"सहाण कशाने धुतली होती?"

"पाण्यानं."

"कुठल्या?"

"बोअरच्या."

"उकळलं होतं का ते पाणी?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "न्हाय."

"म्हणजे जुलाब त्या गुटीमुळेच लागले असतील. बाळ त्यानेच गेलं असेल. असं नसेलच, हे तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

लिहून घेणारा कारकून पेन धरून बसला होता. मग ती म्हणाली, "असंल."

तो एकच शब्द. लेखी युक्तिवादात मी तो तीनदा वापरला. तक्रार फेटाळली गेली.

त्या वेळी माझी मुलगी चार महिन्यांची होती. मी तिला रोज गुटी देत होते. त्या दिवशी पुण्याला निघायच्या आधीही मायफळाचे दोन वळसे देऊन आले होते, आणि पाणी उकळलं होतं की नाही, हे मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्नही मी केला नव्हता. मूल जुलाबाने आजारी पडलं असेल, पण ते मेलं जुलाबाने नाही, हे त्या दालनात फक्त मला माहीत होतं. आणि ज्या बाईने ते नऊ महिने वाढवलं होतं, तिच्याकडून मी वदवून घेतलं की असेल.

अजून सांगायचं राहिलंच आहे. इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

मध्ये बारा वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात निरवांगीला कायदेविषयक शिबिर होतं. पेशंटचे हक्क या विषयावर बोलायला मला बोलावलं. गावाचं नाव ऐकून नाही म्हणता आलं असतं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कोण ओळखणार? ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये चाळीसेक बाया होत्या. केसपेपरच्या प्रती मागा, बहात्तर तासांत मिळायला हव्यात, नर्सचं रजिस्टरसुद्धा मागा — हो, हे मी स्वतः, माइकवर सांगितलं.

भाषण झाल्यावर तिसऱ्या ओळीतली एक बाई उठली. पाच-सहा वर्षांची मुलगी बिलगून होती. मी ओळखलं.

"मला बायांना सांगायचंय," ती म्हणाली. "ल्हान लेकराला गुटी देऊ नगा. माझं पहिलं लेकरू माझ्या हातानं गेलं. ह्या मॅडमनीच मला सांगितलं तवा कळलं, न्हायतर मी डॉक्टरच्याच नावानं बोटं मोडत बसले आसते."

बाया तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हे आधीही ऐकलेलं असावं. शेजारची बाई मला हळूच म्हणाली, "ती सगळ्या बाळंतिणींच्या घरी जाती आन् हेच सांगती. ह्या पोरीला दोन वर्षांची हुईस्तोवर पाणी बी स्वतःच्या हातानं पाजलं न्हाय तिनं. सासूच पाजायची."

माइक माझ्या हातात होता. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "ताई बरोबर सांगतायत. पाणी नेहमी उकळून घ्यावं."

चहा झाला, बाया पांगल्या. मी गाडीकडे निघाले तशी ती मागून आली. हात जोडले. मी तिचे हात खाली केले, ते गार होते.

"मॅडम, एक इचारू? तुमी सगळं कागद बघितलं हुतं. डॉक्टर येळंवर आला आसता तर वाचलं आसतं का हो त्ये?"

ती भांडायला आली नव्हती. तिला मंच नको होता, निकाल नको होता. कायद्याने आता काही करायची मुदतही उरली नव्हती, माझ्यावर काही येणार नव्हतं. डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारला. रस्त्यावर आम्ही दोघी आणि ती पोर, बस्स. तिने मला विचारलं कारण तिला वाटत होतं, हिला माहीत आहे. आणि मला माहीत होतं. पहिला फोन किती वाजता गेला तेही मला पाठ होतं.

मी म्हणाले, "नाही. नसतं वाचलं."

तिने मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा.

"मग झालं," ती म्हणाली. "त्येच्यावरचा राग बी गेला मग. आता माझं मी."

मुलीने तिचा हात ओढला, आणि त्या दोघी शाळेच्या बाजूने निघून गेल्या. मी ड्रायव्हरला गाडी सुरू करायला सांगितलं.

त्यानंतर दोनदा मी निरवांगीच्या फाट्यापर्यंत गेले. एकदा तिथे उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या, म्हणून वळले. दुसऱ्यांदा रस्ता मोकळा होता. तरीही वळले. सांगून तिला काय देणार होते मी? वाचू शकलं असतं, हे? बारा वर्षं तू स्वतःला जे म्हणत आलीस ते मी तुझ्या तोंडी घातलं होतं, हे? मला कळत नाही. खरंच कळत नाही. आणि कळत नाही म्हणून मी गेले नाही, असंही नाही. मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

परवा इंदापूरच्या कोर्टात निरवांगीचा एक पक्षकार भेटला. सहज विचारावं तशी मी तिची चौकशी केली. बरी आहे म्हणाला. गावात कुणाकडे बाळ झालं की अजून जाते. माझी सूनही नुकतीच बाळंत झाली, म्हणाला, तिच्याकडेही येऊन सांगून गेली.

मी त्याच्या वकीलपत्रावर सही घेतली आणि पुढची तारीख लिहून दिली.