सुखदेवमामांची शिट्टी

धावायला शिकवणारे सुखदेवमामा आधी थांबायला शिकवायचे. कोंढ्याजवळच्या आमच्या गावात ते तलावात जाळी टाकत आणि सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पोलीस भरतीच्या पोरींना पळवत. मधेच त्यांची शिट्टी वाजे. जिचं एक पाऊल जास्त पडलं, तिची फेरी परत पहिल्यापासून. मीही त्यांच्या हाताखाली पुष्कळ घाम गाळला, पण भरती काही झाले नाही. नागपुरात इंजिनिअर झाले. "एवढी पळवली तुले, अन् तू खुर्चीवर जाऊन बसली व!" असं ते चिडवत.

पाळ संपली की जंगल सुरू व्हायचं, म्हणून ती शिट्टी. "वाघ दिसला त पळाचं नाई बाई. पळे त्याले तो शिकार समजते. उभं राहाचं, अन् नजर नाई काढाची." हे ते रोज सांगत आणि आम्ही रोज हसत.

पुढे गुडघे गेले आणि मामांचं पळणं सुटलं. मी तेव्हा पळणाऱ्याला जोर देणारं यंत्र बनवत होते. कमरेला मोटारी, मांड्यांना पट्टे. पाय किंचित पुढे सरकला की मोटार त्याला ओढून नेणार. गेल्या हिवाळ्यात ते मामांना बांधलं. "कोनी मांगून ढकलून रायलं व!" म्हणत म्हातारा पहिल्याच फेरीत खिदळला. मीही फुशारले. बंद करायचं बटण मात्र माझ्या फोनवर होतं, आणि ते दाबलं की यंत्र मोठ्यानं वाजे.

पाचव्या सकाळी मामा पुढे, मी दहा पावलं मागे. मामा एकदम थबकले. समोर बेशरमाच्या झुडपातून वाघ पाळीवर आला होता.

मामा उभे राहिले, शिकवत तसेच. पण त्यांचे पाय लटपटत होते, आणि ते लटपटणं यंत्राला पळणं वाटलं. मोटार घुरघुरली. मामांचा उजवा पाय उचलला गेला आणि वाघाच्या दिशेनं पडला. माझा अंगठा बटणावर होता. दाबलं तर यंत्र वाजणार, नाही दाबलं तर मामा पळणार. अंगठा तिथंच राहिला. मामांनी सावकाश दोन्ही हात खाली नेले आणि स्वतःच्या मांड्या गच्च धरल्या. मोटार ओढत होती, ते धरून होते. नजर हलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग वाघानं मान वळवली आणि तो उतारावरून जंगलात गेला.

मी बटण दाबलं. मामा मटकन खाली बसले. पट्ट्यांवर घासून तळहात सोलून निघाले होते.

"तुह्या मशीनले सांग," ते म्हणाले, "पाय लटपटते म्हंजे पळाचं नसते."

मी हाताशी येणारं, आवाज न करणारं बटण बसवलं. ते दाखवायला गेले, तर मामा पंधरा दिवसांपूर्वीच तापानं गेले होते. त्यांच्या घरून पाळीवरून परतत होते. पोरी पळत होत्या, मामांची शिट्टी त्यांतल्याच एकीच्या गळ्यात होती. ती वाजली. पोरी थांबल्या, मीही जागच्या जागी थांबले. माझे पाय लटपटत होते.